पावशेर तुपाचा विसर

पहाटे साडेचारच्या सुमाराला बेलपाड्यात घटकाभर शांतता होते. सायन-पनवेल महामार्गाची घरघर विरते, खारघरच्या डोंगराकडून गार वारा येतो, आणि मग एखादा अवजड ट्रेलर गियर बदलतो. मला जाग येते. डोळे मिटलेले असतात तोवर सगळं जागच्या जागी असतं. ओला दगडी जिना, त्यावर बसलेली माझी आत्या, तिच्या मुठीत पितळी किल्ली, आणि तिला मला काहीतरी फार महत्त्वाचं सांगायचं असतं. मी कूस बदलते. जिना गेला. दिव्याच्या बटणाकडे हात नेते. आत्या गेली. चष्मा लावेपर्यंत किल्ली तेवढी उरते, आणि चहाचं आधण ठेवेपर्यंत ती किल्ली होती की कुलूप, हेही सांगता येत नाही. उरते ती फक्त एक हुरहुर. काहीतरी होतं, आणि ते मोलाचं होतं.

काल दुपारी भाजीवाल्याने किती सुटे पैसे परत दिले ते मला आज आठवतं. वर्षानुवर्षं न भेटलेली आत्या मात्र पाच मिनिटांत पुसली जाते. ज्या मेंदूने तो जिना, तो ओलावा, तो चेहरा इतक्या तपशिलाने उभा केला, त्यालाच तो सांभाळता येऊ नये, याचं मला लहानपणापासून आश्चर्य वाटत आलं आहे. त्याबद्दल जे जे कळत गेलं, त्याने ते कमी झालं नाही, वाढलंच.

मराठीने या कोड्याची नोंद व्याकरणातच करून ठेवली आहे. मोठेपणी काय व्हायचं याची स्वप्नं आपण बघतो, पण रात्रीचं स्वप्न आपल्याला 'पडतं'. पाऊस पडतो, दव पडतं, तसं. मला झोप लागली, मला स्वप्न पडलं, मला जाग आली, मला आठवलं. रात्रीच्या या साऱ्या व्यवहारात 'मी' कुठेच कर्ता नाही, सगळं 'मला' होतं. एकाच ठिकाणी आपण दोष अंगावर ओढून घेतो: 'मी विसरले'. तो दोष आपला नसावा, असं मला वाटतं. भाषेलाही तसंच वाटत असणार, कारण तिच्याकडे दुसरा प्रयोग तयार आहे: 'विसर पडला'. स्वप्नाला जे क्रियापद, तेच विसराला.

स्वप्न नेमकं केव्हा पडतं, हे माणसाला १९५३ पर्यंत ठाऊक नव्हतं. त्या वर्षी शिकागो विद्यापीठातले युजीन ॲसेरिन्स्की आणि त्यांचे मार्गदर्शक नॅथॅनियल क्लाइटमन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दोन पानांचा लेख लिहिला. ॲसेरिन्स्कीने प्रयोगाच्या सुरुवातीच्या काळात आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती विद्युत्अग्रं चिकटवून त्याला झोपवलं होतं. रात्रभर कागदाच्या भेंडोळ्यावर रेघा उमटत होत्या. मध्येच त्या रेघा उसळल्या, जणू मुलगा जागा होऊन इकडेतिकडे बघतो आहे. बापाने जाऊन पाहिलं, तर मुलगा गाढ झोपलेला, आणि मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भिरभिरताहेत. पुढे मोठ्या माणसांवर हाच प्रयोग झाला. बुबुळं फिरत असताना २७ वेळा उठवलं, तेव्हा २० वेळा लोकांनी तपशीलवार स्वप्नं सांगितली. बुबुळं स्थिर असताना २३ वेळा उठवलं, त्यातल्या १९ वेळा काहीच आठवलं नाही.

आकडे बघितले की पहिल्यांदा स्वप्नाबद्दल कळतं. मला मात्र त्यात आठवणीबद्दलची गोष्ट जास्त दिसते. हेच लोक एरवी सकाळी कदाचित रिकाम्या हाताने उठले असते. त्यांना फक्त योग्य क्षणी हलवलं, आणि त्यांच्या तोंडून अख्खी गोष्ट बाहेर आली. म्हणजे 'मला स्वप्नंच पडत नाहीत' असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती पडत असतात. रात्री दर दीड तासाने ही भिरभिरत्या डोळ्यांची झोप येते. पहिली खेप जेमतेम काही मिनिटांची असते. पहाटेकडे ती लांबत जाऊन अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त होते. पुढच्या संशोधनात कळलं की स्थिर डोळ्यांच्या झोपेतही स्वप्नं असतात, पण ती बरीचशी तुटक, विचारासारखी. जिना, आत्या आणि किल्ली असलेली, कथानकाची लांबलचक स्वप्नं मुख्यतः पहाटेच्या वाट्याची.

आमच्या गावठाणातल्या एक आजी स्वप्नाला 'सपान' म्हणतात आणि ठासून सांगतात की पहाटेचं सपान खरं होतं. हे महाराष्ट्रातल्या घराघरांत म्हणतात, आणि त्याची मुळं जुनी आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेदग्रंथात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनापासून मागितलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांतून उपजलेलं. यातली पहिली पाच निष्फळ. रात्रीच्या पहिल्या भागात पडलेल्या स्वप्नाचं फळ फार उशिरा मिळतं. आणि त्याच यादीत, निष्फळांमध्ये, एक शब्द येतो जो वाचून मी थबकले: विसरलेलं. जे स्वप्न विसरलं, त्याला फळ नाही.

आजी आणि वाग्भट दोघेही भविष्याबद्दल बोलताहेत. तरी त्यांच्या बोलण्यात झोपेचं अचूक निरीक्षण दडलेलं आहे. रात्री बारा वाजता पडलेल्या स्वप्नावर पुढच्या पाच तासांची झोप चढते आणि ते तिच्याखाली गाडलं जातं. पहाटेचं स्वप्न लांब असतं, ठसठशीत असतं, आणि मुख्य म्हणजे त्याला लागूनच जाग असते. ते हाती येतं. जे हाती आलं तेच खरं वाटणार.

ही लागून असलेली जाग, हीच गोष्टीची गुरुकिल्ली. बेलपाड्यात राहायला आल्यापासून मला स्वप्नं जास्त आठवतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. आधी वाटलं, इथलं पाणी मानवलं असेल. इथे एका बाजूला जुनं गावठाण, दुसरीकडे महामार्ग, त्यापलीकडे हार्बरची लोकल, आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर धावणारी मेट्रो, जिच्या अकरा स्थानकांत एक नाव बेलपाड्याचं. रात्र इथे अखंड नसते, तिला ठिकठिकाणी बारीक चिरा असतात. मग फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या पेरीन रुबी आणि सहकाऱ्यांचं काम वाचनात आलं. जवळजवळ रोज स्वप्न आठवणारे आणि क्वचितच आठवणारे, असे दोन गट त्यांनी तपासले. स्वप्नं भरपूर आठवणाऱ्यांच्या रात्रीत मधूनमधून जागं असण्याची मिनिटं एकूण तीसच्या आसपास भरली. दुसऱ्या गटात ती साधारण पंधरा होती. शिवाय पहिल्या गटाचा मेंदू झोपेतही आवाजांची, अगदी कुणी उच्चारलेल्या नावाचीही, जास्त दखल घेत होता. ही मधली जाग इतकी छोटी असते की सकाळी तिची आठवणही नसते. पण तेवढी फट पुरते. झोपेतला मेंदू नवी आठवण पक्की करू शकत नाही, त्याला क्षणभर वर यावं लागतं. जो रात्रीतून अनेकदा वर येतो, तो दरवेळी ओंजळभर काही घेऊन येतो.

म्हणजे ज्या ट्रेलरला मी रोज पहाटे शिव्या देत होते, तोच माझी आत्या माझ्यापर्यंत आणत असावा.

पण वर आल्यावरही ओंजळ गळते, ती का? याचं उत्तर रसायनांत आहे. मेंदूच्या देठात एक इवलासा भाग आहे, ज्याच्या लॅटिन नावाचा अर्थ 'निळी जागा' असा होतो. जागेपणी तो सगळ्या मेंदूला नॉरॲड्रेनलीन पुरवतो. समोरची घटना दखल घेण्याजोगी आहे, जपून ठेव, असा इशारा देणारं हे रसायन. भिरभिरत्या डोळ्यांच्या झोपेत या भागातल्या पेशी जवळजवळ पूर्ण गप्प होतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं आहे. त्याच वेळी ॲसिटिलकोलीन नावाचं दुसरं रसायन मात्र जागेपणाइतकंच भरात असतं. एक चित्रं रंगवत सुटलं आहे, आणि ती जपणारं झोपलं आहे. आपल्याला जाग येते तेव्हा निळी जागा पुन्हा काम सुरू करते, पण ती आता पुढचं जपू लागते: उशी, खिडकी, घड्याळ, आज गॅस सिलिंडर येणार आहे. स्वप्न त्या गर्दीच्या मागे राहून जातं.

या ॲसिटिलकोलीनचं काम कसं उमगलं, ही कथा मी कितीदा वाचली तरी माझ्या अंगावर काटा येतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी नावाचा औषधशास्त्रज्ञ होता. १९२० च्या ईस्टरच्या आदल्या रात्री त्याला स्वप्नातून जाग आली. त्याने दिवा लावून कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि तो पुन्हा झोपला. सकाळी सहा वाजता त्याला एवढंच आठवलं, की आपण रात्री काहीतरी अत्यंत महत्त्वाचं लिहिलं आहे. पण स्वतःचंच अक्षर त्याला लागेना. तो दिवस त्याने कसा काढला असेल याची कल्पना स्वप्न हरवलेल्या कुणालाही करता येईल. दुसऱ्या रात्री तीन वाजता तीच कल्पना परत आली. या वेळी त्याने कागदावर विश्वास टाकला नाही, उठून थेट प्रयोगशाळा गाठली. बेडकाचं एक हृदय घेतलं, त्याची नस उत्तेजित करून ठोके मंदावले, आणि त्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर सोडलं. दुसरं हृदयही मंदावलं. नसा रसायनांच्या भाषेत बोलतात, हे सिद्ध झालं. १९३६ चं नोबेल त्याला हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं. त्या पाण्यात जे होतं, ते पुढे ॲसिटिलकोलीन म्हणून ओळखलं गेलं. जे रसायन स्वप्नं रंगवताना मेंदूत उसळतं, त्याचं नसांमधलं काम एका विसरलेल्या, आणि सुदैवाने परत आलेल्या, स्वप्नातून माणसाला कळलं.

लोवीला परत आलं, सगळ्यांना येत नाही. म्हणून काहींनी आधीच तयारी केली. अमेरिकेतल्या मेरी व्हिटन कॅल्किन्स यांनी १८९३ मध्ये आपल्या आणि एडमंड सॅनफर्ड यांच्या मिळून ३७५ स्वप्नांचा अभ्यास छापला. रात्री वेगवेगळ्या वेळी गजर लावून उठायचं, आणि उशाशी ठेवलेल्या कागदावर तिथल्या तिथे लिहायचं, असा त्यांचा नेम. त्यांचं एक निरीक्षण माझ्या रोजच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतं: मेणबत्ती लावायला किंवा पेन्सिल घ्यायला हात लांबवला, तेवढ्या हालचालीनेही स्वप्न विरून जातं. या बाईंनी हार्वर्डमध्ये डॉक्टरेटचं सगळं काम पूर्ण केलं होतं, आणि केवळ बाई म्हणून विद्यापीठाने त्यांना ती पदवी नाकारली. पुढे १९०५ मध्ये त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. अंधारात चाचपडत लिहिलेल्या त्या कागदांबद्दल मला फार जिव्हाळा आहे.

त्यांचं वाचून मी एक गोष्ट शिकले: हलायचं नाही. जाग आली की डोळे मिटलेलेच ठेवायचे, कूस तीच ठेवायची, आजच्या कामांना दाराबाहेर थांबवायचं. मग शेवटचं जे काही हाताशी असेल, किल्ली तर किल्ली, ते धरून 'याच्या आधी काय होतं?' असं विचारत उलटं मागे जायचं. स्वेटरचा एक धागा ओढला की ओळीमागून ओळ उसवत जाते, तसं दृश्यामागून दृश्य येतं. चुकून कूस बदललीच, तर पुन्हा जुन्या कुशीवर वळल्यावर कधी कधी हरवलेला तुकडा तिथेच पडलेला सापडतो. नंतर दोन-तीन शब्द पुरतात. पूर्ण वाक्यं लिहायला गेलं की जागेपणीचा शहाणपणा मध्ये येतो आणि जिन्याला कठडा लावून टाकतो.

विसर पडतो तो निव्वळ दुर्लक्षाने की मेंदूला तो हवाच असतो? २०१९ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतल्या, हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशींवर लक्ष ठेवलं. या पेशींचा एक गट नेमका भिरभिरत्या डोळ्यांच्या झोपेत जागा होतो. तेवढ्या वेळापुरता तो गट बंद पाडला, तर उंदरांना आदल्या दिवशी पाहिलेल्या वस्तू जास्त चांगल्या लक्षात राहिल्या. म्हणजे मेंदूत विसर पाडणाऱ्या पेशी आहेत, आणि त्या स्वप्नाच्या वेळीच कामाला लागतात. हे उंदरांचं. माणसाचं स्वप्नही त्याच हातांनी पुसलं जातं का, हे अजून दाखवायचं आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९८३ मध्ये, डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी फ्रान्सिस क्रिक यांनी ग्रेम मिचिसन यांच्यासोबत मांडलं होतं, की आपण स्वप्न पाहतो तेच मुळी विसरण्यासाठी. दिवसभरात मेंदूत गुंतलेले निरुपयोगी धागे रात्री सोडवले जातात, आणि म्हणून स्वप्नं आठवायचा प्रयत्न न केलेलाच बरा. कल्पना देखणी आहे. पण ती मला पटत नाही, आणि त्याचं कारण प्रयोगशाळेतलं नाही. ते देहूचं आहे.

तुकोबांना दोन स्वप्नं पडली, ती दोन्ही त्यांनी स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवली आहेत. एकात नामदेव पांडुरंगाला सोबत घेऊन आले आणि कवित्व करण्याचं काम सोपवून गेले. त्यात तुकोबा म्हणतात की नामदेवांनी त्यांना स्वप्नातच जागं केलं. विठ्ठलाने थापटून सावध केलं. झोपेतल्या माणसाला झोपेतच जाग येते, ही गोष्ट सतराव्या शतकातल्या देहूत इतक्या सहज सांगितली गेली आहे. दुसऱ्या स्वप्नात गुरू भेटले, नदीच्या वाटेवर. त्यांनी मस्तकावर हात ठेवला. जेवणासाठी पावशेर तूप मागितलं. आणि ते द्यायचा तुकोबांना स्वप्नातच विसर पडला. गुरू घाईने निघून गेले. जाताना आपलं नाव बाबाजी असं सांगितलं, राघव चैतन्य आणि केशव चैतन्य ही परंपरा सांगितली, आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. माघ शुद्ध दशमी, गुरुवार.

स्वप्न सांभाळू पाहणाऱ्या माणसाच्या नजरेने हे पुन्हा वाचून बघा. तिथी आहे, वार आहे, जागा आहे, नावं आहेत, स्पर्श आहे. कॅल्किन्स बाईंच्या कागदांना लाज आणेल असं हे टिपण आहे. तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाई कोल्हापुरात होत्या, तुकोबांना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनाही उपदेश स्वप्नातच झाला, आणि त्यांनीही त्याची तिथी आणि वार नोंदून ठेवला: कार्तिक वद्य पंचमी, रविवार. ही माणसं स्वप्नाला कालनिर्णयावर जागा देत होती. स्वप्नाचा जो भाग दिवसाच्या खुंटीला अडकवला, तो पुन्हा खाली घसरत नाही.

आणि ते तूप. कुणी स्वप्न रचून सांगायचं म्हटलं, तर गुरूची भेट रचेल, मंत्र रचेल, डोक्यावरचा हात रचेल. पावशेर तुपाचा विसर कोण रचेल? तो कशालाच पुरावा नाही, त्याने कशाचीच शोभा वाढत नाही. खऱ्या स्वप्नांत असतो तसा तो आहे: बोचणारा, अर्धवट, मोजमापासकट. माझ्या आत्याची किल्लीही तशीच होती, आणि ती द्यायची राहून गेली ही हुरहुरही तशीच. स्वप्नातला विसर तुकोबांनी जागेपणी विसरू दिला नाही. चांगली साडेतीनशेहून जास्त वर्षं ते तूप द्यायचं राहिलेलं आहे, आणि अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

आज पहाटे ट्रेलर गेला तेव्हा मी हलले नाही. उशाच्या कागदावर आज तीन शब्द आहेत: जिना, डावी मूठ, 'वरची खोली'. वरच्या खोलीत काय होतं ते अजून आलेलं नाही. आज सोमवार. वार लिहून ठेवला आहे.